छत्री येण्याआधी: खान्देशात उपग्रह इंटरनेटसाठी जागा, खांब आणि वीज कशी तयार करायची

शिरपूर तालुक्यातल्या एका मळ्यात मी डीटीएचची छत्री बसवत होतो. मळ्याचे मालक, सत्तरी ओलांडलेले बाबा, बाजेवर बसून सगळं निरखत होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "भाऊ, हाई छत्री आभायमा काय धुंडस?"

मी सांगितलं, बाबा, ही धुंडत नाही. ही एका जागी टक लावून बसते. एकदा दक्षिणेकडे नेम लागला की पाच वर्षं तिला हात लावायचं काम नाही.

नव्या उपग्रह इंटरनेटची छत्री मात्र खरोखर धुंडते, आणि हा फरक लक्षात घेतला नाही तर पैसे वाया जातील. गेली अठरा वर्षं मी चोपड्याहून छत्र्या, सीसीटीव्ही, वायफाय, इन्व्हर्टर अशी कामं करतो. रावेर-यावलच्या केळीच्या मळ्यांपासून धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांपर्यंत जाणं होतं. गेल्या वर्षभरात एकच प्रश्न सगळीकडे ऐकू येतो: ते आकाशातलं नेट आमच्याकडे चालेल का? माझं उत्तर असं की आकाशातलं काम कंपनीचे उपग्रह करतील. खान्देशात हे नेट रखडलं तर झाड, ऊन, वादळ नाहीतर लाईट, यांपैकी कशामुळे तरी रखडेल. ही सगळी कामं आपल्या हातातली आहेत आणि छत्री येण्याआधीच उरकता येतात. पुढे ती क्रमाने देतो. छत्रीचे आकडे कंपन्यांच्या माहितीपत्रकातले आहेत, बाकी सगळं छतांवर शिकलेलं.

धुंडणारी छत्री म्हणजे काय

डीटीएचचा उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. पृथ्वीबरोबर त्याच वेगाने फिरत असल्यामुळे तो आपल्याला एका जागी थांबल्यासारखा वाटतो. जुनं उपग्रह इंटरनेटही अशाच उपग्रहांवरून चालायचं. पण तुम्ही बटण दाबल्यावर निरोप वर जाणार, तिथून खाली कंपनीच्या केंद्रात उतरणार, उत्तर पुन्हा वर आणि पुन्हा खाली. एकूण एक लाख त्रेचाळीस हजार किलोमीटरचा प्रवास. प्रकाशाच्या वेगालाही त्याला जवळपास अर्धा सेकंद लागतो. पेज उघडेल, पण फोनवर बोलताना दोघांचे शब्द एकमेकांवर आदळतात.

नवे उपग्रह फार खाली असतात. स्टारलिंक आणि वनवेब या अशा नेटच्या दोन कंपन्या. स्टारलिंकचे बहुतेक साधारण ४८० ते ५५० किलोमीटरवर, वनवेबचे १,२०० किलोमीटरवर. जळगाव ते मुंबई रेल्वेने सव्वाचारशे किलोमीटर आहे; म्हणजे स्टारलिंकचा उपग्रह नेमका डोक्यावर असतो तेव्हा मुंबईपेक्षा फार लांब नसतो. त्यामुळे निरोपाला लागणारा वेळ सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्याही आत येतो. व्हिडिओ कॉल, ऑनलाइन परीक्षा, रेशनच्या मशिनवरचा अंगठा, सगळं फायबरसारखं चालू शकतं.

पण इतक्या खालचा उपग्रह एका जागी थांबू शकत नाही. तो ताशी सुमारे २७,००० किलोमीटर वेगाने पळतो आणि साधारण ९५ मिनिटांत पृथ्वीला फेरी मारतो. तुमच्या छतावरून तो काही मिनिटंच दिसतो. तो जाताच छत्री दुसरा पकडते, मग तिसरा. म्हणूनच त्यांना हजारांनी उपग्रह लागतात. स्टारलिंकचे आज ९,००० हून जास्त वर आहेत. छत्री हलत नाही. तिच्या सपाट पाटीत बारीक अँटेनांची जाळी असते आणि ती विजेनेच नजर फिरवते.

डीटीएचला आभाळाचा एक ठिपका मोकळा मिळाला की भागतं. या छत्रीला आभाळाचं मोठं ताट मोकळं लागतं. पुढचं निम्मं काम या एका वाक्यातून निघतं.

आधी कायद्याचं आणि पैशाचं

भारतात ही सेवा द्यायला दूरसंचार विभागाचा परवाना, इन-स्पेस या केंद्राच्या अंतराळ संस्थेची मान्यता आणि स्पेक्ट्रम, म्हणजे लहरींचा पट्टा, तिन्ही लागतात. वनवेब आणि जिओच्या उपग्रह कंपनीला परवाना आधीच मिळालेला होता. स्टारलिंकला तो जून २०२५ मध्ये मिळाला आणि जुलै २०२५ मध्ये इन-स्पेसची पाच वर्षांची मान्यता. वनवेबचे ७२ उपग्रह तर आपल्या इस्रोनेच श्रीहरिकोटाहून सोडले, ३६ ऑक्टोबर २०२२ मध्ये आणि ३६ मार्च २०२३ मध्ये. खान्देशासाठी जवळची बातमी म्हणजे ५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सह्या केल्या. दुर्गम भागातल्या सरकारी संस्था आणि सार्वजनिक सेवांना जोडण्यासाठी त्यात गडचिरोली, वाशीम, धाराशिव यांच्याबरोबर आपल्या नंदुरबारचं नाव आहे.

म्हणून दोन गोष्टी कळकळीने सांगतो. दुबईहून किंवा नेपाळहून कुणी छत्री आणून देतो म्हणाला तर घेऊ नका. परदेशी खात्यावर चालणारं असं यंत्र बिनपरवाना जवळ ठेवणं हा गुन्हा आहे, आणि डिसेंबर २०२४ मध्ये मणिपुरात शस्त्रसाठ्याबरोबर असं यंत्र सापडल्यापासून सुरक्षा यंत्रणांचं याकडे बारीक लक्ष आहे.

दुसरं, 'बुकिंग'च्या नावाखाली कुणालाही आगाऊ रक्कम देऊ नका. डिसेंबर २०२५ मध्ये स्टारलिंकच्या वेबसाइटवर महिना ८,६०० रुपये आणि छत्रीचे ३४,००० रुपये असे आकडे दिसले आणि गावोगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरले. ते चाचणीचे आकडे चुकून दिसले, असं कंपनीनेच लगेच स्पष्ट केलं. आपल्या पत्त्यावर सेवा सुरू आहे का, भाव काय, हे कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर किंवा तिच्या अधिकृत विक्रेत्याकडे स्वतः पाहा. पावती जीएसटी क्रमांकाची घ्या.

पहिली पायरी: खरंच गरज आहे का, ते ठरवा

जळगाव, भुसावळ, धुळे, अमळनेर, शहादा इथे गल्लीत फायबर असेल तर तेच घ्या. ते स्वस्त पडतं आणि पावसात अडत नाही. ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेटची, म्हणजे सरकारच्या फायबर योजनेची, वायर आली असेल तर ती चालू आहे का, ते आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी डबा भिंतीवर असतो आणि त्याचा प्लग काढून ठेवलेला असतो.

घरात रेंज नाही, पण गच्चीवर फोन दोन काड्या दाखवतो, अशी जागा असेल तर बाहेर बसणारा ४जी राउटर सहा मीटरच्या पाइपवर चढवून बघा. मळा गावापासून तीन-चार किलोमीटरवर आहे आणि मळ्यातून गावातली पाण्याची टाकी डोळ्यांना दिसते? मग गावातल्या फायबरवरून वायरलेस ब्रिजची जोडी, म्हणजे समोरासमोर नेम धरून हवेतून नेट पोहोचवणारे दोन अँटेना, लावता येते. पाच गिगाहर्ट्झचा हा पट्टा भारतात परवानामुक्त आहे आणि दर महिन्याचं वेगळं बिल येत नाही. केळीपट्ट्यात मी अशा कितीतरी जोड्या लावल्या आहेत.

हे तिन्ही जमत नसेल, म्हणजे मध्ये डोंगर आहे, टॉवर नाही किंवा टॉवर आहे पण त्याला डिझेल नाही, तर छत्रीचा विचार करा. सातपुड्याच्या कुशीतले पाडे, तोरणमाळच्या आसपासची वस्ती, नर्मदेच्या काठची गावं यांच्यासाठी हे तंत्र खरं उपयोगी आहे. तिथली मुलं फॉर्म भरायला टेकडी चढतात आणि आशाताई दिवसभराची माहिती वहीत लिहून, रेंजमध्ये आल्यावर फोनमध्ये चढवतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणूनच हा लेख लिहितोय.

दुसरी पायरी: आभाळ मोजा

स्टारलिंकच्या नेहमीच्या छत्रीला ११० अंशांचा मोकळा कोन लागतो. सरळ वर बघितलं तर चारही बाजूंना ५५ अंश. म्हणजे क्षितिजापासून ३५ अंशांच्या वर आलेलं झाड, भिंत, टाकी, डोंगर, सगळं आड येतं. छत्री थोडी कलती बसते, शिवाय झाड वाढतं, म्हणून मी २५ अंशांचीच मर्यादा धरतो.

मोजायला महागडं यंत्र नको. मुलाच्या कंपासपेटीतला कोनमापक घ्या. त्याच्या मध्याच्या छिद्रातून दोरा ओवा आणि दोऱ्याला एक नट बांधा. कोनमापक उलटा धरून सरळ कडेवरून झाडाच्या शेंड्याकडे नेम धरा. नट स्थिर झाला की दोरा कुठल्या आकड्यावर आहे ते दुसऱ्याला वाचायला सांगा. ९० आणि त्या आकड्यातला फरक म्हणजे शेंड्याचा कोन. छत्री जिथे बसणार नेमकी तिथे, तेवढ्याच उंचीवर डोळा ठेवून आठ दिशांना मोजा आणि आठ आकडे कागदावर लिहा. कोनमापक नसेल तर ठोकताळा असा: झाड छत्रीपेक्षा जितकं उंच, त्याच्या दुपटीहून जरा जास्त अंतरावर ते असावं. दहा मीटर वर असेल तर बावीस मीटर लांब.

कंपन्यांच्या अॅपमध्येही अडथळे तपासायची सोय असते. फोनचा कॅमेरा आभाळभर फिरवला की कुठे अडचण आहे ते दिसतं. दोन्ही करा. कोनमापकाने दोष कळतो, अॅपने तो किती नडेल ते कळतं.

आता माझी चूक सांगतो. धडगावच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर शाळा आहे. तिथल्या गुरुजींनी मला मार्चमध्ये बोलावलं. शाळेच्या स्लॅबच्या उत्तर कोपऱ्यात मी जागा पक्की केली. दहा मीटरवर मोहाचं थोरलं झाड होतं, पण त्याला पान नव्हतं. फांद्यांमधून निळं आभाळ आरपार दिसत होतं, खाली बायका-पोरं टोपल्या घेऊन फुलं वेचत होती. मी मनात म्हटलं, एवढ्या विरळ फांद्यांनी काय अडतंय. भिंतीवर खडूने खूण करून खाली उतरलो.

श्रावणात दुसऱ्या कामाने तिकडे गेलो तेव्हा त्याच कोपऱ्यात उभा राहिलो आणि गप्प झालो. समोर हिरवी भिंत होती. पानांमध्ये पाणी असतं आणि या लहरींना पाणी फार अडवतं. कोन मोजला: ४३ अंश. तिथे छत्री बसली असती तर दर काही मिनिटांनी उपग्रह मोहामागे गेला की नेट काही सेकंद तुटलं असतं. व्हिडिओ बघताना ते जाणवत नाही, पण ऑनलाइन परीक्षेत किंवा अंगठा लावताना तेवढ्यात काम अडकतं.

गुरुजी म्हणाले, "दादा, झाड तोडायचं मात्र बोलू नका. या पाड्याचं अर्धं वर्ष त्याच्यावर निघतं." मी बोलणारही नव्हतो. जागा आपण बदलायची. शाळेच्या दक्षिण टोकाला, मोहापासून २४ मीटरवर, जमिनीपासून पाच मीटर उंच खांब धरला तर तोच शेंडा २१ अंशांवर येतो. तीच जागा ठरली.

तेव्हा खान्देशातला नियम असा धरा: आभाळ पावसाळ्यात मोजा. साग, मोह, पळस, सगळे उन्हाळ्यात उघडे पडतात आणि फसवतात. उन्हाळ्यात मोजावंच लागलं तर फांदीला भिंत समजा. केळीच्या मळ्यात ही अडचण कमी असते. केळी वाढून तीन-चार मीटर होते, त्यामुळे शेतघराच्या स्लॅबवरून बहुधा मोकळं आभाळ मिळतं. तिथे बांधावरची निंब आणि आंबा बघा. दरीतल्या गावात डोंगरच २५ अंशांच्या वर असेल तर खांब वाढवून फरक पडत नाही. अशा वेळी छत्री वरच्या सपाटीवर बसवून खाली वायरलेस ब्रिजने आणावी लागते.

तिसरी पायरी: खांब

आपल्याकडे मे-जूनमध्ये वादळ येतं तेव्हा उभी केळीबाग तासाभरात आडवी होते. छत्री सपाट असते, म्हणजे वाऱ्याला ती शिडासारखी. माहितीपत्रकात ताशी ९६ किलोमीटर वाऱ्यापर्यंत चालते असं लिहिलेलं असतं, पण तो आकडा छत्रीचा आहे, आपल्या खांबाचा नाही.

दोन इंची जाड जीआय पाइप घ्या, 'बी' किंवा 'सी' क्लासचा. स्लॅबवर असेल तर पॅरापिटच्या विटेत खिळे ठोकून क्लॅम्प लावू नका; कॉलम किंवा बीममध्ये अँकर फास्टनर मारा, खाली-वर दोन क्लॅम्प, मध्ये किमान दोन फूट अंतर. पाच मीटरचा उभा खांब असेल तर तीन बाजूंनी तारेचे ताण द्या. जमिनीत रोवायचा असेल तर तीन फूट खड्डा, आडवा सळईचा तुकडा वेल्डिंग करून, मग काँक्रीट. पाइपाचं वरचं तोंड बंद करा; नाहीतर पाणी भरतं आणि आतून गंज धरतो.

पत्र्यावर कधीही थेट बसवू नका. पत्रा वाऱ्यात थरथरतो आणि छत्रीची नजर हलते. आणि धाब्याच्या घरावर छेद पाडू नका. धुळे-नंदुरबारकडे मातीची धाबी अजून पुष्कळ आहेत. एका छिद्रातून दोन पावसाळ्यांत माळवद बसतं. अशा घराशेजारी स्वतंत्र खांब उभा करा.

सातपुड्याच्या पायथ्याला वानरांची टोळी खांबावर चढते. खांबाला जमिनीपासून माणसाच्या उंचीवर गुळगुळीत पत्र्याचं, घमेल्याएवढं गोल कॉलर बसवलं की ती वर जात नाहीत.

चौथी पायरी: ऊन

भुसावळ-जळगावचा पारा एप्रिल-मेमध्ये ४४-४५ वर जातो. या छत्र्यांची मर्यादा ५० अंशांची. ऐकायला अजून पाच अंश शिल्लक वाटतात. पण पारा सावलीतला असतो. दुपारी दोनला स्लॅबवर अनवाणी पाय टेकवून बघा, मग कळेल छत्री कशावर बसणार आहे ते. फार तापली की ती स्वतःला वाचवायला वेग कमी करते किंवा बंद पडते.

उपाय सोपे आहेत. छत्री स्लॅबपासून किमान चार फूट वर ठेवा, म्हणजे खालून वारा खेळेल. आसपासच्या स्लॅबला चुन्याचा दाट हात द्या. छत्रीवर सावलीसाठी पत्रा, ताडपत्री, गोणपाट काही टाकू नका. पत्र्याने लहरी बंद होतात आणि ओलं गोणपाटही त्या पितं. तिच्यावर रंगही लावू नका. बर्फ वितळवायची जी सोय सेटिंगमध्ये असते ती बंद करून टाका. आपल्याला तिचं काम नाही आणि ती वीज खाते. राउटर आणि अॅडॅप्टर पत्र्याच्या खोलीत वर टांगू नका, खाली हवेशीर कोनाड्यात ठेवा.

पाचवी पायरी: वीज

हे नीट केलं नाही तर बाकी सगळं करून उपयोग नाही. नेहमीची छत्री राउटर धरून ७५ ते १०० वॅट घेते. मध्यम ९० वॅट धरले तर चोवीस तास चालू ठेवल्यावर महिन्याला सुमारे ६५ युनिट. फायबरच्या मोडेमला याच्या मानाने फार थोडी वीज लागते, म्हणून लोक हा खर्च धरतच नाहीत.

इन्व्हर्टरचा हिशोब असा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॅट-तास. त्यातले साठ टक्के हाती येतात असं धरा, साधारण १,०८०. भागिले ९०, बारा तास. बॅटरी दोन-तीन वर्षं वापरलेली असेल तर सहा-सात तास. आणि त्याच इन्व्हर्टरवर दोन पंखे असतील तर तीनच तास. म्हणून छत्रीला इन्व्हर्टरवरून वेगळी लाइन द्या, वेगळ्या स्विचसह. मळ्यात शेतीच्या फीडरवर आठ तास लाईट असते, कधी दिवसा, कधी रात्री. तिथे घरगुती लाइन नसेल तर इन्व्हर्टरची बॅटरी भरायलाच वेळ पुरणार नाही. डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाली तर आठवडा जातो, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे.

पाड्यावर सोलरच बरं. स्टारलिंकचं एक लहान मॉडेल परदेशात विकलं जातं, वजन किलोभराच्या आसपास आणि वीज २५ ते ४० वॅट. ते थेट डीसीवर, १२ ते ४८ व्होल्टवर चालतं, त्यामुळे इन्व्हर्टरमधली नासाडी वाचते. भारतात कुठलं मॉडेल मिळतंय ते खरेदीच्या दिवशी बघा. हिशोब लहान मॉडेलचा करून दाखवतो. सकाळी सात ते रात्री नऊ असे चौदा तास, ३० वॅटने: ४२० वॅट-तास. खान्देशात स्वच्छ दिवसाला पाच तासांचं भरघोस ऊन धरता येतं. वाटेतली गळती तीस टक्के. म्हणजे १२० वॅटचं पॅनेल उन्हाळ्यात पुरेल. आषाढ-श्रावणासाठी दुप्पट, २५० वॅटचं घ्या. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची घेतली तर सूर्य दिसला नाही तरी अडीच दिवस निघतात. १२ व्होल्टवर लांब, बारीक वायर टाकू नका. व्होल्टेज वाटेतच पडतं आणि छत्री चालू होताना बंद पडते. बॅटरी खांबाजवळ ठेवा, वायर जाड घ्या.

रात्री बंद ठेवायची असेल तर साधा टायमर लावा. मुलांनी आठवणीने बंद करावी, यावर विसंबू नका.

वायर, गडगडाट, पाऊस

छत्रीबरोबर येणारी वायर साधारण पंधरा मीटरची असते. खांब ते राउटर अंतर आधीच मोजा. कमी पडली तर लांब वायर मागवा. मध्ये तोडून टेप गुंडाळू नका, पहिल्याच पावसात तिथे पाणी शिरतं. वायर कंड्युइट पाइपातून न्या, खार आणि उंदीर दोघांनाही प्लास्टिक आवडतं. घरात शिरण्याआधी वायरीला खाली एक झोका द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल आणि भिंतीच्या छिद्रात उतरणार नाही. छिद्र बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा.

खांबाला स्वतंत्र अर्थिंग हवंच. पाच फूट खड्डा, जीआय प्लेट, कोळसा आणि मिठाचे थर, वरून पाणी घालायला पाइप. मुरमाड जमिनीत उन्हाळ्यात दर पंधरवड्याला बादलीभर पाणी घाला. अर्थिंग असलं तरी वीज कडाडायला लागली की प्लग काढा.

रिमझिम पावसात नेट चालतं. ढगफुटीसारखा पाऊस कोसळला तर काही मिनिटं जाईल आणि सर ओसरली की परत येईल. तो छत्रीतला बिघाड नव्हे, मेकॅनिकला बोलावू नका.

जवळच्या कुठल्या तरी टेकडीवर चालणारं एक जादा सिम मिळत असेल तर जवळ असू द्या. २४ जुलै २०२५ रोजी स्टारलिंकचं जाळं सॉफ्टवेअरच्या बिघाडाने जगभर सुमारे अडीच तास बंद होतं. तेव्हा चांगल्यातल्या चांगल्या खांबाचाही काही उपयोग नव्हता.

एक छत्री, अख्खा पाडा

एकट्या घराला हा खर्च जड जाईल. पाड्यावर शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र आणि रेशन दुकान बहुधा हाकेच्या अंतरावर असतात. छत्री शाळेवर, आणि तिथून बाहेर बसणारे, वायफाय पसरवणारे अॅक्सेस पॉइंट. लॅन केबल शंभर मीटरच्या पुढे नेऊ नका. त्यापलीकडे ब्रिजची जोडी. मातीच्या जाड भिंतीतून वायफाय जात नाही, खोलीत हवं असेल तर वायर आत न्या.

पैसे घेऊन शेजाऱ्यांना नेट वाटायचं असेल तर ते मनाने करू नका. त्यासाठी केंद्राची पीएम-वाणी योजना आहे. तिच्यात दुकानदारालाही 'पब्लिक डेटा ऑफिस' चालवता येतं आणि त्याला परवाना लागत नाही. फक्त तुमच्या उपग्रह प्लॅनच्या अटींमध्ये पुढे वाटायला मुभा आहे का, ते लेखी विचारून घ्या.

पेसा गावांनी, म्हणजे आदिवासी ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखालच्या गावांनी, हा विषय ग्रामसभेत घ्यावा, असं मला मनापासून वाटतं. अबंध निधी, म्हणजे कशावर खर्चायचा ते गावानेच ठरवायचा पैसा, गावाच्या हातात असतो. ठरावात छत्रीपेक्षा पुढच्या गोष्टी लिहा: महिन्याचं बिल कोण भरणार, बॅटरी पाच-सात वर्षांनी बदलायची तर पैसे कुठून साठवणार, किल्ली कुणाकडे, आणि सुट्टीत शाळा बंद असताना आशाताईंना आत कोण सोडणार. नंदुरबारसाठी इरादापत्र झालंच आहे. गाव निवडायला अधिकारी येतील तेव्हा ज्या गावाकडे आठ दिशांचे कोन, खांबाची जागा, विजेचा हिशोब आणि हा ठराव कागदावर तयार असेल, त्याचं काम पटकन पुढे सरकेल.

छत्री लागल्यावर पहिले पंधरा दिवस

पहिला दिवसभर काही ठरवू नका. छत्री आपल्या आभाळाचा नकाशा हळूहळू बनवते. अॅपमध्ये अडथळ्यांचं चित्र भरत जातं. मग एक वही करा. सकाळी, दुपारी दोनला आणि रात्री आठला तीन नोंदी: वेग, पिंग (निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ) आणि किती वेळा तुटलं. दुपारीच तुटत असेल तर उष्णता. रात्री सगळे एकदम जोडले जातात तेव्हा मंद होत असेल तर वाटणी. ठरावीक दिशेला लाल डाग दिसत असेल तर झाड. लाईट गेल्यावर तुटत असेल तर इन्व्हर्टर बदलताना क्षणभर वीज जाते, त्यासाठी कमी वेळात बदलणारा इन्व्हर्टर किंवा मध्ये छोटा यूपीएस लागतो. पहिल्या वादळानंतर क्लॅम्पचे नट पाना लावून पुन्हा आवळा. नव्या खांबाचे नट हमखास सैल होतात.

धडगावच्या त्या शाळेत छत्री अजून यायची आहे. दक्षिण टोकाचा खांब उभा राहिलाय, अर्थिंगचा खड्डा भरलाय, भिंतीतून कंड्युइट आत आलंय आणि त्याचं तोंड गुरुजींनी चिंधीने बंद केलंय, पाली शिरू नयेत म्हणून. आठ दिशांचे कोन त्यांनी वर्गातल्या फळ्याशेजारी ऑइलपेंटने लिहून ठेवलेत. सातवीच्या पोरांनी कोनमापकाने ते दोनदा पडताळले. उत्तरेचा आकडा माझा २१ होता, पोरांचा २२ आला. त्यांचाच लिहिला.